अल्कोहोलात पिशाच्च नाही

व्यसनमुक्तीच्या व्याख्यानांत एक दावा हमखास ऐकू येतो. अल्कोहोल हा शब्द अरबी ‘अल-घूल’वरून आला, घूल म्हणजे प्रेते खाणारे पिशाच्च, तेव्हा दारू पिणारा पिशाच्चच अंगात घेतो. सभा माना डोलावते. वक्त्याने शब्दकोश उघडलेला नाही, हे मात्र उघडे पडते.

मूळ शब्द ‘अल-कुह्ल’, म्हणजे डोळ्यांत घालायचा सुरमा. स्टिब्नाइट हे अँटिमनीचे काळे, चकचकीत खनिज खलात इतके घोटायचे, की चिमटीत चोळले तरी कण लागू नये. लॅटिनमध्ये लिहिणाऱ्या किमयागारांनी शब्द उचलला तो या बारीकपणासाठी. मग कुठलीही वस्त्रगाळ पूड अल्कोहोल ठरली, लोखंडाचीसुद्धा. पुढे पुडीवरून अर्थ सरकला सत्त्वावर, आणि सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने वाइनच्या अर्काला ‘अल्कोहोल विनी’ म्हटले. कालांतराने ‘विनी’ गळाले. या वाटेवर पिशाच्च शिरले कुठे? अर्काला हे नाव पडले युरोपात, आणि तिथे तर त्याला आधीपासून ‘जीवनजल’ म्हणत. जीवनजल म्हणणारे लोक त्याला भुताचे नाव कशाला देतील?

घूल आणि कुह्ल यांची अरबी अक्षरेही वेगळी आहेत.

याच मंडळींचा दुसरा, जुनाच हट्ट म्हणजे अल्कोहोलला सरसकट मद्यार्क म्हणा. यावर पूर्वीही भांडलो आहे, पुन्हा भांडतो. खोकल्याच्या औषधातले ग्लिसरॉल अल्कोहोल आहे, बाममधले मेन्थॉलही. त्यांत मद्य कुठे आहे? रसायनशास्त्रात अल्कोहोल हे एका द्रवाचे नाव नाही, ते अख्ख्या कुळाचे आहे.

दारूविरुद्ध बोलायला भुताची गरज नाही, खरी व्युत्पत्ती पुरे आहे. अल्कोहोलापासून बनणाऱ्या अल्डिहाइडचे नाव रसायनशास्त्रज्ञ लीबिगने ‘हायड्रोजन काढलेले अल्कोहोल’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांचे तुकडे जोडून घडवले. यकृतात नेमके तेच घडते. याच कुळातल्या मेथिल अल्कोहोलातून हायड्रोजन निघाला की फॉर्माल्डिहाइड होते, त्याचे फॉर्मिक आम्ल होते, आणि ते दृष्टीची नस जाळते. 2015 साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली, ती या मेथिल अल्कोहोलानेच. व्याख्यानात हे सांगा.