शेजारची सीट

रविवारी पहाटे आमच्या पनवेलच्या पळस्पे फाट्यावर थोडा वेळ उभं राहिलं, की एक मजेशीर वरात बघायला मिळते. जाडजूड चाकांच्या पाच-सहा जीपगाड्या, एकामागून एक. कुणाच्या टपावर फावडं बांधलेलं, कुणाच्या पुढच्या हुकाला जाड दोर अडकवलेला. काही कर्जतच्या दिशेने वळतात, काही गोव्याच्या रस्त्याला लागून ताम्हिणीकडे. चांगला डांबरी रस्ता सोडून चिखलात, ओढ्यात, डोंगरातल्या कच्च्या वाटेवर गाडी घालायची, ती रुतवायची, सगळ्यांनी मिळून बाहेर काढायची आणि संध्याकाळी लेंगा-शर्टासकट चिखलाने माखून घरी यायचं, असा हा छंद. नाव त्याचं ‘ऑफ-रोडिंग’.

आमच्या आजेसासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, “रस्ता असताना खड्ड्यात जायचं, हे कसलं गं सुख?” पण मला त्या छंदाबद्दल तक्रार नाही. माझं लक्ष जातं ते डाव्या सीटकडे. हल्ली या गाड्यांमधून बायकोही बरोबर असते. मांडीवर पोळीभाजीचा डबा, पायाशी पाण्याच्या बाटल्या, एका हाताने वरची कडी घट्ट धरलेली. गाडी रुतली की ती खाली उतरते, फोटो काढते आणि सगळ्यांना चहा ओतून देते. हौस त्याची आणि पिकनिक हिची! चाकामागे बसलेली बाई मात्र शोधावी लागते.

या गाड्यांपैकी निम्म्या तरी ‘थार’ असतात. २०१० साली ही गाडी बाजारात आली आणि २०२० च्या ऑक्टोबरात नव्या रूपात आली, तेव्हापासून तर आमच्या कॉलनीच्या गल्लीबोळांतही दिसू लागली. गाडीला नाव राजस्थानच्या वाळवंटाचं, पण तिच्यात बसणाऱ्या कितीजणांनी वाळूत गाडी चालवली असेल? आपल्यापैकी बहुतेकींचा वाळवंटाशी संबंध जेसलमेरच्या सहलीपुरता. सम गावच्या टेकड्यांवर भाड्याच्या जीपमध्ये मागे बसायचं, किंचाळायचं आणि उतरल्यावर “पोटात ढवळलं बाई” म्हणायचं.

मला खरी वाळू समजावून सांगितली ती माझ्या धाकट्या नणंदेने. रायगड-रत्नागिरीतल्या पुष्कळ घरांतलं कुणी ना कुणी आखातात असतं, तशी ही लग्नानंतर शारजात गेली. इथे असताना तिने स्कूटीपलीकडे काही चालवलं नव्हतं. तिथे क्लास लावून, दोनदा नापास होऊन, तिसऱ्यांदा लायसन्स मिळवलं. तिकडे स्टेअरिंग डावीकडे असतं. म्हणजे आपल्याकडे ज्या बाजूला बायको बसते, त्याच बाजूला तिकडे चालवणारा बसतो! ती गमतीने म्हणते, “मी जागा बदललीच नाही वहिनी, फक्त पुढ्यात स्टेअरिंग आलं.”

आता सुट्टीच्या दिवशी ती आणि तिच्यासारख्या काहीजणी, बरोबर त्यांचे नवरे आणि मुलं, अशी आठ-दहा गाड्यांची टोळी वाळवंटात जाते. दुबई-शारजाच्या आसपास अल बदायरची तांबूस टेकडी आहे, तिला सगळे ‘बिग रेड’ म्हणतात. अनुभवी मंडळी पुढे अबुधाबीतल्या लिवापर्यंत जातात. तिथून रुब अल खालीचं अफाट वाळवंट सुरू होतं. या नावाचा अर्थच ‘रिकामा चतुर्थांश’. ना झाड, ना पाटी, ना पेट्रोल पंप.

अशा जागी गाडी कशी चालते, हे तिने सांगितलं तेव्हा मी खरंच कान टवकारले. वाळूत शिरण्याआधी पहिलं काम म्हणजे चारही चाकांची हवा कमी करायची. एरवी तीस-पस्तीसच्या घरात असणारी हवा बारा-पंधरापर्यंत उतरवतात. चाक जरा बसकं झालं की ते वाळूवर जास्त पसरतं, गाडीचं वजन वाटलं जातं आणि चाक आत रुतत नाही. आपण अनवाणी वाळूतून सहज चालतो, पण टाचेची चप्पल घातली की पाय आत जातो, तसंच हे. घरी परतताना पंपाने पुन्हा हवा भरून मगच डांबरी रस्त्यावर यायचं.

दुसरा नियम म्हणजे जोर करायचा नाही. गाडी अडकली की नवशिका घाबरून ॲक्सिलरेटर दाबतो. चाक जागच्या जागी गरगर फिरतं, वाळू उडते आणि गाडी पोटापर्यंत खाली बसते. जाणती माणसं तिथेच थांबतात, उतरतात, चाकांपुढची वाळू हातांनी नाहीतर फावड्याने बाजूला करतात आणि आल्या वाटेने हळूच मागे येतात. थांबायचंच असेल तर उताराकडे तोंड करून थांबायचं, म्हणजे निघताना गाडीला आपसूक मदत होते. प्रत्येक गाडीला उंच काठीवर झेंडा लावायचा, कारण टेकडीच्या पलीकडून कोण चढतंय ते दिसत नाही.

आणि तिसरा नियम मला सगळ्यात आवडला. एकट्याने जायचंच नाही. पुढे एक वाटाड्या, सगळ्यात शेवटी एक जाणता चालक, आणि मधल्या प्रत्येकाने आरशात आपल्या मागची गाडी दिसते ना, हे बघत राहायचं. मागची दिसेनाशी झाली की आपण थांबायचं. आपण थांबलो की पुढचा थांबतो. अशी अख्खी रांग एका रुतलेल्या गाडीसाठी उभी राहते. कुणी “तुला येत नव्हतं तर आलीस कशाला?” म्हणत नाही, कारण आज ना उद्या प्रत्येकाची गाडी रुततेच.

आता सांगा मैत्रिणींनो, यातलं कोणतं काम बाईला न जमण्याजोगं आहे? घाई न करणं, जोर कुठे लावायचा आणि कुठे सोडायचा हे ओळखणं, मागे राहिलेल्याकडे लक्ष ठेवणं, आहे त्या पाण्यात दिवस काढणं... चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला हे वेगळं शिकवावं लागेल का? तरीही हा ‘मर्दानी छंद’ म्हणून आपण डबा घेऊन शेजारी बसतो.

जगात हा समज केव्हाच मोडीत निघालाय. पॅरिस-डकार ही वाळवंटातली सगळ्यात खडतर शर्यत. १९७८ च्या डिसेंबरात ती पहिल्यांदा निघाली. २००१ मध्ये मोटारींच्या गटात ती जिंकली जर्मनीच्या युटा क्लाइनश्मिट या बाईने. मोरोक्कोत तर १९९० पासून फक्त बायकांची वाळवंटी स्पर्धा भरते, ‘रॅली आइशा दे गझेल’ नावाची. एका गाडीत दोघीजणी. मोबाइल नाही, रस्ता सांगणारं यंत्र नाही. हातात कागदी नकाशा आणि होकायंत्र. यात सगळ्यात वेगाने जाणारी जिंकत नाही. ठरवलेली ठाणी गाठत जी कमीत कमी अंतरात पोचते, ती जिंकते! वेगाची घमेंड उतरवून ठेवणारी ही स्पर्धा मला फार शहाणी वाटते. आणि ज्या सौदी अरेबियात बायकांना साधं बाजारात गाडी नेण्याची मुभा नव्हती, तिथेही २४ जून २०१८ पासून बायका कायद्याने गाडी चालवतात.

लांब कशाला, आपल्या साताऱ्याच्या सुरेखा यादव बघा. आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक. ८ मार्च २०११ ला त्यांनी पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीन आणली, तीही बोरघाट उतरून. त्या घाटात दर सदतीस फुटांना एक फूट उतार आहे. २०२५ च्या सप्टेंबरअखेर त्या निवृत्त झाल्या. अख्खी आगगाडी घाटातून उतरवणारी बाई आपल्यात असताना, आपण मात्र “मला बाई रिव्हर्स जमत नाही” म्हणून किल्ली परत देतो.

हा नुसता हौसेचा प्रश्न नाही, म्हणून इतकं लिहितेय. आमच्या ओळखीच्या एका घरात रात्री दोन वाजता नवऱ्याच्या छातीत कळ आली. खाली गाडी उभी, बाईंच्या कपाटात लायसन्स. पण लायसन्स काढल्यापासून सात वर्षांत तिने गाडीला हात लावला नव्हता, कारण दरवेळी शेजारून सूचना यायच्या, “अगं क्लच! अगं बघ! राहू दे, मी घेतो.” त्या रात्री शेजाऱ्यांची दारं वाजवत ती तीन मजले धावली. सुदैवाने वेळेत पोचले. पण ती वीस मिनिटं ती आजही विसरत नाही. कितीजणींची लायसन्सं अशी पासबुकांच्या खाली पडून असतील?

यावर दोन आक्षेप येतील. पहिला पैशाचा. या गाड्या दहा लाखांच्या पुढच्या, आपल्याला कुठून परवडायच्या? खरंच आहे. पण ज्यांच्या दारात अशी गाडी आहे, त्या घरातही ती ‘त्याची’ असते, हे माझं दुखणं आहे. आणि ज्यांच्याकडे नाही, त्यांच्याकडे साधी छोटी गाडी असते, स्कूटी असते. नवं चाक घालायला पंचवीस हजार निघाले की तो छंद, आणि बाईने ड्रायव्हिंगच्या उजळणीला पाच हजार मागितले की “आता कशाला?” बाईच्या छंदातून पापड, लोणची, ब्लाउज, निदान रांगोळी तरी निघावी, अशी आपली समजूत. ज्यातून घराला काहीच मिळत नाही, फक्त तिला मोकळं वाटतं, असा छंद तिने धरला तर काय बिघडलं?

दुसरा आक्षेप बेफिकिरीचा, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. आपल्याकडे वाळवंट नाही, मग हौशी मंडळी अलिबाग, काशीद, मुरुडच्या किनाऱ्यावर गाड्या घालतात. २०२४ च्या डिसेंबरअखेर रेवदंड्याला वाळूत रुतलेली पिवळी फेरारी शेवटी बैलगाडीने ओढून काढावी लागली. सगळे हसले. पण त्या किनाऱ्यांवर मुलं खेळत असतात, कोळणी मासळी वाळवत असतात. दिवेआगर, हरिहरेश्वरच्या वाळूत समुद्री कासवं हाताभर खोल अंडी घालून जातात. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येईपर्यंत वरून कळतसुद्धा नाही. त्यावरून चाक गेलं तर? राजस्थानातही माळढोक उघड्या जमिनीवर एखादंच अंडं घालतो. म्हणून समुद्रकिनारा हे गाडी शिकायचं ठिकाण नव्हे. कुणाच्या मालकीची मोकळी जमीन असेल, त्याची परवानगी असेल, बरोबर जाणतं माणूस असेल, तिथेच जावं. बाईच्या हातात स्टेअरिंग आल्यावर हे भान सुटता कामा नये, उलट ते तिनेच टोळीला द्यावं.

मला विचाराल तर सुरुवात अगदी साधी आहे. आपली दहा-बाराजणींची भिशी असतेच. एका महिन्याची भिशी हॉटेलात न लावता एखाद्या मोकळ्या मैदानात लावायची. एक गाडी, एक शिकवणारी व्यक्ती, शक्यतो नवरा सोडून! आळीपाळीने प्रत्येकीने अर्धा तास चालवायचं. चाकाची हवा स्वतः तपासायची, जॅक लावून स्टेपनी बदलायची, दोर गाडीच्या हुकालाच बांधायचा, बंपरला नाही, हे शिकून घ्यायचं. दोर ताणला की बाकीच्यांनी लांब उभं राहायचं, कारण तुटलेला दोर चाबकासारखा उलटतो. डबा प्रत्येकीने आपापला आणायचा.

परवा नणंदेला फोनवर विचारलं, “भीती नाही वाटत गं तुला?” ती म्हणाली, “वाटते ना! पण रुतल्यावर काय करायचं ते आता ठाऊक आहे.” मला वाटतं, लायसन्सपेक्षा मोठं काही तिने कमावलंय. तेवढं आपण आपल्या लेकींना, सुनांना आणि स्वतःलाही मिळवून द्यायला हवं. कपाटातलं लायसन्स काढून त्याची मुदत तेवढी आजच बघून ठेवा.