टक्केवारीतले स्वदेशी

मोटारीचा कारखाना कशाने बंद पडावा? पोलादाच्या टंचाईने, संपाने किंवा गिऱ्हाईक आटल्याने तो बंद पडला तर कोणास नवल वाटणार नाही. परंतु २०२५ च्या ऑक्टोबरअखेर मेक्सिकोतील सेलाया येथील होंडाचा कारखाना थांबला तो किरकोळ किमतीच्या डायोड-ट्रान्झिस्टरांपायी. हे भाग करणारी नेक्स्पेरिया ही कंपनी हॉलंडातील, आणि तिची मालकी विंगटेक या चिनी कंपनीकडे. ३० सप्टेंबर रोजी डच सरकारने १९५२ सालचा एक कायदा पुढे करून तिच्या कारभारावर नियंत्रण बसविले. चारच दिवसांत चीनने तिच्या चिनी कारखान्यातून होणारी निर्यात रोखली. सिलिकॉनच्या चकत्या युरोपात तयार होत असल्या तरी त्या कापून वापरण्याजोगे नग बनविण्याचे काम बहुतांशी चीनमध्येच चाले. नोव्हेंबरात डच सरकारने आपला हुकूम स्थगित केला; पण तोवर मोटारधंद्याची झोप उडावयाची ती उडाली होती.

या प्रकरणात मुत्सद्देगिरीचा भाग पुष्कळ आहे आणि त्याची चर्चाही पुष्कळ झाली. आम्हांस येथे विचार करावयाचा आहे तो एका रूक्ष कागदाचा. प्रत्येक सर्किट बोर्डाबरोबर एक यादी जन्माला येते. कारखान्यात तिला ‘बिल ऑफ मटेरियल्स’ म्हणतात. नाव फसवे आहे. दुकानदाराच्या बिलाशी तिचा संबंध नाही. बोर्डावर कोणत्या जागी कोणता भाग, किती नग, कोणत्या उत्पादकाचा आणि त्याचा पूर्ण क्रमांक काय, हे तीत ओळीने लिहिलेले असते. क्रमांकाच्या शेपटातील एक अक्षर चुकले तर तोच भाग निराळ्या तापमान-मर्यादेचा येऊन पडतो. लग्नघरातील यादी करणाऱ्या वडीलधाऱ्या बाईंचा काटेकोरपणा येथे लागतो. फरक एवढाच की, पूजेत एखादा उपचार नसला तर त्याच्या जागी अक्षता वाहता येतात; बोर्डावर ती सोय नाही.

साधा रेझिस्टर एका कंपनीचा न मिळाला तर दुसरीचा बसतो, हे खरे. कपॅसिटरचे तसे नाही: आकार आणि छापील मूल्य एकच असूनही व्होल्टेज चढताच एकाची धारकता दुसऱ्याहून अधिक घटू शकते. मायक्रोकंट्रोलरच्या बाबतीत तर पर्याय म्हणजे जवळजवळ नवा आराखडाच, कारण प्रोग्राम आणि बोर्डावरील तांब्याच्या वाटा त्या एका नगाभोवती रचलेल्या असतात. म्हणून पर्यायी नाव लिहावयाचे ते आराखड्याच्या दिवशी. टंचाईच्या दिवशी ते नाव दलाल सुचवितो. त्याचे फळ काय, हे अमेरिकन सिनेटच्या समितीने २०१२ साली दाखवून दिले आहे: लष्करी सामग्रीच्या पुरवठ्यात बनावट भागांची सुमारे १,८०० प्रकरणे, आणि संशयित नग १० लाखांहून अधिक! शिवाय दोन नावे लिहिली तरी दोन्ही कंपन्यांचे नग एकाच गावच्या एकाच छपराखाली बांधले जात असतील, तर दुसरे नाव असून नसल्यासारखेच.

साठा करून ठेवावा, असे कोणी म्हणेल. जपानमधील रेनेसास कंपनीचा नाका येथील कारखाना मार्च २०११ च्या भूकंपाने बंद पडला, तेव्हा टोयोटाने धडा घेऊन पुरवठादारांना दोन ते सहा महिने पुरतील इतक्या चिप बाळगावयास लावल्या. मार्च २०२१ मध्ये त्याच नाका कारखान्यास आग लागली. टोयोटा इतरांहून अधिक काळ तगली. परंतु आग्नेय आशियातील साथीने पुरवठा अडला तेव्हा सप्टेंबरात तिलाही उत्पादन कापावे लागले. त्याच महिन्यात आपल्याकडे मारुतीने उत्पादन नेहमीच्या सुमारे ४० टक्क्यांवर येईल असे जाहीर केले, तर चाकण आणि नाशिक येथे कारखाने असलेल्या महिंद्रने २० ते २५ टक्के कपात सांगितली.

केंद्र सरकारने मार्च २०२५ मध्ये सुट्या भागांच्या उत्पादनासाठी २२,९१९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, तिचे स्वागतच केले पाहिजे. केवळ जोडणीच्या शेडी उभारून भागत नाही, हे उशिरा का होईना, मान्य झाले. परंतु सरकारी खरेदीत स्वदेशी मोजण्याचे माप आम्हांस पटत नाही. २०१७ च्या आदेशात २०२० साली केलेल्या दुरुस्तीनुसार, मालात ५० टक्के स्थानिक मूल्य असले की पुरवठादार पहिल्या वर्गात बसतो. मूल्य म्हणजे रुपये. समजा, एका यंत्राच्या यादीत दोनशे ओळी आहेत. पेटी, वीजपुरवठा, जोडणी हे महागाचे सर्व येथले. एक डायोड मात्र परदेशातील एकाच कारखान्याचा. टक्केवारीच्या हिशेबात हा डायोड दिसणारही नाही. तो आला नाही तर यंत्र मात्र शून्य टक्के तयार होईल. परावलंबन किमतीच्या प्रमाणात नसते, ही साधी गोष्ट या मापात कोठेच उतरलेली नाही.

आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतही सर्किट शिकवितात, यादी क्वचितच. लॅमिंग्टन रोडवर किंवा बुधवार पेठेत चार भाग विकत घेऊन प्रयोग साधणे निराळे आणि दहा हजार बोर्डांसाठी सात वर्षे तेच भाग मिळवीत राहणे निराळे. हे दुसरे काम कारकुनी समजले जाते. वस्तुतः त्यास आराखडा करणाऱ्याचेच डोके लागते.

टक्केवारीबरोबर प्रत्येक निविदेत आणखी एक आकडा मागावा, अशी आमची सूचना आहे: यादीतील किती ओळींना जगात एकच कारखाना आहे? यादी हे धंद्यातील गुपित आहे असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. पण यादी कोणी मागत नाही, त्या ओळींची संख्या मागत आहोत. त्यासाठी अर्जात एक रकाना वाढवावा लागेल. आरंभ घरोघर बसत असलेल्या स्मार्ट वीजमीटरांपासून करता येईल. ते वर्षानुवर्षे भिंतीवर राहावयाचे आहेत. त्यांतील चिप किती वर्षे मिळत राहील, हे खरेदी करणाऱ्या खात्याने आजच विचारलेले बरे.