दोष मुलाचाच असतो का?

जुलै २०२२ अखेर कर्नाटकच्या सीईटीचा निकाल लागला. वर्षभर घरी अभ्यास करून पुन्हा परीक्षेला बसलेली बंगळूरची कितीतरी मुले हादरली. क्रमांक अपेक्षेपेक्षा फारच खाली! अशा वेळी घरात पहिला प्रश्न येतो, "वर्षभर केलंस काय?" त्या वर्षी तो अन्यायाचा होता.

अभियांत्रिकीच्या क्रमांकासाठी तिथे पीयूसीचे, म्हणजे बारावीचे, आणि सीईटीचे गुण निम्मे-निम्मे धरतात. पण २०२१ मध्ये कोरोनामुळे पीयूसीची परीक्षाच झाली नव्हती. म्हणून परीक्षा प्राधिकरणाने त्या तुकडीच्या सुमारे २४ हजार विद्यार्थ्यांचे ते गुण धरलेच नाहीत. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. सप्टेंबरमध्ये तोडगा निघाला: पीयूसीच्या गुणांत ६ टक्के कपात करून ते धरायचे. क्रमांक नव्याने लागले.

मधले दोन महिने मात्र मुलांनी कसे काढले असतील! पुन्हा बसायचे ठरलेच, तर शिकवणीची फी भरण्यापूर्वी आई-वडिलांनी मुलासोबत माहितीपुस्तिकेतले गुणांचे नियम वाचावेत. निकालाच्या रात्री मात्र पुस्तिका मिटून ठेवावी आणि त्याला जेवायला हाक मारावी.