दुभाष्याचे मोल

पांढुर्ण्याचे नाव इतरत्र ऐकू येते ते वर्षातून एकदा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर होणाऱ्या गोटमारीमुळे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले. छिंदवाडा मध्य प्रदेशातच राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यातूनच पांढुर्णा आणि सौंसर या तहसिलींचा नवा जिल्हा झाला. घरी मराठी आणि कचेरीत हिंदी, ही तेथील अनेकांची स्थिती मात्र पालटलेली नाही.

सुशिक्षितांना याची झळ लागत नाही. प्रश्न आहे तो शाळेचे तोंड न पाहिलेल्या म्हातारीचा आणि गोंडी बोलणाऱ्या मजुराचा. त्यांचे दुखणे डॉक्टरला किंवा फिर्याद ठाणेदाराला सांगण्यासाठी मग शेजारी, शिपाई नाही तर शाळकरी नातू पुढे होतो.

मराठी आणि हिंदी या सख्ख्या बहिणी. तेथे दुभाषी कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु गफलत होते ती अशा जवळच्या भाषांतच. 'मी चेष्टा केली' असे मराठी माणूस म्हणतो तेव्हा त्याने थट्टा केलेली असते. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न. पोलिसी जबाबात हा फरक लहान नव्हे.

आरोपीला साक्षीची भाषा कळत नसेल तर ती त्याला कळणाऱ्या भाषेत समजावून सांगावी, हे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे बंधन १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेतही कायम आहे. दुभाष्याने खरे तेच सांगावे, असेही कायदा बजावतो. मात्र त्याचे शिक्षण, मोबदला आणि विश्रांती यांविषयी ती कलमे मौन पाळतात. परदेशांत निर्वासितांच्या कैफियती दूरध्वनीवरून भाषांतरित करणाऱ्यांची दशाही फारशी निराळी नाही. अनेकांना मिनिटांच्या हिशेबाने पैसे मिळतात. छळाच्या कहाण्या ऐकून मनावर येणारा भार त्या हिशेबात बसत नाही.

आम्हां गोमंतकीयांना दुभाष्याचे पद नवे नाही. पोर्तुगीज राजवटीत सरकारी दुभाषी हा मानाचा अधिकारी होता. मराठ्यांशी चालणारा दरबारी व्यवहार त्याच्या मदतीने होई. राज्यकर्त्यांना गरज असली की दुभाष्याला वेतन, आणि गरिबाला गरज असली की तोच परोपकार, हा न्याय आम्हांस मान्य नाही.

नव्या जिल्ह्याची घडी बसवताना रुग्णालय, ठाणे आणि न्यायालय येथे मराठी व गोंडी जाणणारे प्रशिक्षित, पगारी दुभाषी मध्य प्रदेश शासनाने नेमावेत. ज्याच्या एका शब्दावर दुसऱ्याची सुटका अवलंबून असते, त्याला फुकट राबवून घेणे शासनाला शोभत नाही.