वेगळे नको, शेजारी ठेवा

'कलावंत वेगळा, कलाकृती वेगळी' हे वाक्य मराठी साहित्यव्यवहारात इतके गुळगुळीत झाले आहे की ते बोलणाऱ्याला त्याचा अर्थ विचारावा असे कुणाला वाटत नाही. मुसलमान वाचकाच्या वाट्याला तर ते जरा अधिकच येते. सावरकरांच्या कवितेचा विषय निघाला आणि त्याने त्यांच्या गद्यातील मजकुराची आठवण काढली, की त्याला ताबडतोब बजावले जाते: कविता बघा, माणूस सोडा. तो गप्प बसला तर रसिक ठरतो, बोलला तर कडवा ठरतो. या फुकटच्या शिकवणीचा एकदा नीट समाचार घेतला पाहिजे. तो घेताना आपल्या घरातली कुलूपबंद कपाटेही उघडली पाहिजेत. नाहीतर हा लेख म्हणजे आणखी एक फिर्याद होईल, आणि फिर्यादी आपण पुष्कळ केल्या आहेत.

प्रथम सावरकरच घेऊ. १९०९ साली इंग्लंडात ब्रायटनच्या किनाऱ्यावर त्यांनी सागराला उद्देशून लिहिलेली कविता मराठीतील थोर कवितांपैकी एक आहे, हे मान्य करायला आपल्याला काहीच जड जात नाही. परक्या मुलखात अडकलेल्या माणसाची मायभूमीची ओढ कुठल्याही धर्माच्या माणसाला कळते. आखातात उमेदीची वर्षे घालवलेल्या आपल्या कोकणी भावांना तर ती जरा जास्तच कळेल. हृदयनाथ मंगेशकरांनी त्या कवितेला चाल दिली आणि मंगेशकर भावंडांनी ती घरोघर पोहोचवली. त्याच लताबाईंनी 'मुघल-ए-आझम' (१९६०) मध्ये शकील बदायुनींची नात नौशादांच्या चालीवर गायिली, आणि ती ऐकताना आजही आपल्या घरातल्या बायाबापड्यांचे डोळे भरून येतात. गळ्याला आपण कधी त्याची मते विचारली नाहीत. 'चित्रपट', 'दिग्दर्शक', 'महापौर' हे शब्द सावरकरांच्या नावावर मोजले जातात. अरबी-फारसी शब्दांना मराठीतून हद्दपार करू पाहणाऱ्या माणसाचे हे शब्द आपण 'तारीख' आणि 'कागद' यांच्या सोबतीने रोज बिनदिक्कत वापरतो. तेव्हा कला आणि कलावंत वेगळे करण्याचे धडे आम्हाला कुणी देऊ नयेत. मराठीत जगणाऱ्या मुसलमानाला ते रोजच करावे लागते.

पण त्याच सावरकरांनी आयुष्याच्या अखेरच्या पर्वात 'सहा सोनेरी पाने' लिहिले. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेला शिवाजी महाराजांनी सन्मानाने परत पाठवल्याची कथा महाराष्ट्रात लहान पोरालाही ठाऊक आहे. इतिहासात ती कितपत घडली यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. तरी महाराष्ट्राने महाराजांना ज्या गोष्टींसाठी हृदयात ठेवले, त्यांत ती एक आहे. सावरकरांनी या वागण्याला दोष दिला. वसईच्या विजयानंतर पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या पत्नीला परत पाठवणाऱ्या चिमाजी अप्पांनाही दिला. शत्रूच्या स्त्रियांशी असे सौजन्याने वागणे ही त्यांच्या मते 'सद्गुणविकृती' होती. आपल्या स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांची परतफेड शत्रूच्या स्त्रियांवर व्हायला हवी होती, असाच त्या विवेचनाचा रोख आहे. हे वाचल्यावर एखाद्या मुसलमान बाईने काय करावे? कविता बघावी आणि माणूस सोडावा? शिवाय, ज्या कोल्हापुरात महाराजांची गादी आहे, तेथल्या शिवप्रेमींना हे का टोचत नाही? मुसलमानाचे दुःख क्षणभर बाजूला ठेवा. येथे बोट महाराजांच्या वागणुकीकडे दाखवले आहे.

खरी गोम पुढेच आहे. 'वेगळे करा' म्हणणारे स्वतः काहीही वेगळे करीत नाहीत. व्यासपीठावर ते कवितेची प्रत ठेवत नाहीत, माणसाची तसबीर ठेवतात. तिला हार घालतात, त्याच्या विचारांचा जयजयकार करतात, जयंती-पुण्यतिथी साजरी करतात. २००३ साली संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात सावरकरांचे तैलचित्र लागले ते काही मराठी कवितेच्या सेवेबद्दल लागले नाही. म्हणजे गौरव करायचा तेव्हा माणूस, कविता आणि विचार सगळे एकत्र; आणि कुणी आक्षेप घेतला की कविता तेवढी पुढे करायची. वाचणे ही एक गोष्ट आहे, सत्कार करणे ही दुसरी. कलाकृती वाचायला लेखकाच्या चारित्र्याचा दाखला लागत नाही. सत्कार मात्र माणसाचाच होत असतो, आणि तेथे त्याने काय म्हटले, कुणाबद्दल म्हटले, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे.

हे वेगळे करण्याचे औदार्य किती निवडक आहे, हे कोल्हापूरने अलीकडेच पाहिले. जून २०२३ मध्ये काही पोरांनी औरंगजेब आणि टिपू सुलतान यांच्यासंबंधी मोबाईलवर स्टेटस ठेवले. स्टेटस आक्षेपार्ह वाटले तर पोलीस होते, कायदा होता. पण ७ जूनला बंद पुकारला गेला, जमाव रस्त्यावर आला आणि मुसलमानांच्या दुकानांवर, घरांवर दगड पडले. शाहू महाराजांच्या गावात, उस्ताद अल्लादियाखाँसाहेबांच्या गाण्याला ज्या गावाने आश्रय दिला त्या गावात, हे घडले. एका पोराचे मत आणि त्याच्याशी नावापुरते धर्माचे नाते असलेल्या म्हाताऱ्याचे दुकान, एवढ्या दोन गोष्टी त्या दिवशी कुणाला वेगळ्या करता आल्या नाहीत. थोर माणसाचे मत त्याच्या स्वतःच्या पुस्तकापासून वेगळे काढायचे आणि किरकोळ पोराचे मत अख्ख्या मोहल्ल्याला चिकटवायचे, हा कुठला न्याय? विचारांची जबाबदारी ज्याची त्याने घ्यायची असते. हा नियम लेखकाला लागू नसेल आणि फक्त जमातीला लागू असेल, तर तो नियमच नव्हे.

मग उपाय काय? जाळा, फोडा, बंदी घाला? तोही मार्ग कोल्हापूरने पाहिलेला आहे. भालजी पेंढारकर हा या गावचा मोठा माणूस. 'नेताजी पालकर', 'थोरातांची कमळा', 'मोहित्यांची मंजुळा', 'साधी माणसं', 'तांबडी माती' असे चित्रपट त्यांनी मराठीला दिले. पुढे त्यांना दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. हिंदुत्वाचा पुरस्कार आणि संघाशी असलेली जवळीक त्यांनी कधी लपवली नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली आणि पाठोपाठ उसळलेल्या जाळपोळीत भालजींचा जयप्रभा स्टुडिओ पेटवला गेला. त्या आगीत कुणाचा विचार जळला? भालजींची मते होती तशीच राहिली. होरपळला तो स्टुडिओ, आणि त्याच्याबरोबर तेथे राबणाऱ्या सुतार, रंगारी, दिवेवाल्यांची रोजीरोटी. गांधींच्या नावाने लावलेली ती आग गांधींनाच सर्वांत जास्त लाजवणारी होती. ज्यांच्या दुकानांवर आज दगड पडतात त्यांनी तरी हे विसरू नये. आपण कधीही स्टुडिओ पेटवणाऱ्यांच्या रांगेत उभे राहता कामा नये, मग आतला माणूस आपल्याबद्दल काहीही म्हणो.

जगात याची एक चांगली तऱ्हा सापडते. रिखार्ड वॅग्नर हा थोर जर्मन संगीतकार ज्यूंचा द्वेष करी. त्याने त्यावर निबंध लिहिला, आणि पुढे हिटलरने त्याला डोक्यावर घेतले. इस्रायलमध्ये त्याचे संगीत मैफिलीत वाजवत नाहीत. कायद्याने बंदी नाही, पण संकेत आहे. जुलै २००१ मध्ये जेरुसलेममध्ये डॅनियल बॅरेनबॉइम या ज्यू संगीतकाराने ठरलेला कार्यक्रम संपवला आणि श्रोत्यांना विचारले, वॅग्नर ऐकायचा का? अर्धा तास सभागृहात वाद झाला. ज्यांना ऐकवत नव्हते ते उठून गेले, उरलेल्यांसाठी त्याने वाजवले. मला त्या मैफिलीपेक्षा तो अर्धा तास महत्त्वाचा वाटतो. उठून जाणाऱ्याला कुणी 'अरसिक' म्हणून हिणवायचे नाही आणि ऐकणाऱ्याला 'गद्दार' म्हणायचे नाही. दुखावलेल्या माणसाने कलावंताला माफ करावे की नाही, हे दुखावलेलाच ठरवतो. तिसऱ्याला त्याच्या वतीने माफी वाटण्याचा अधिकार नाही.

मराठीत याहून जवळचे उदाहरण आहे, आणि ते आपल्या शाहिराच्या लेकीचे आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांच्या आवाजाने मैदाने भरत, त्या शाहीर अमर शेखांची मुलगी मलिका. तिचे लग्न नामदेव ढसाळांशी झाले. १९७२ च्या 'गोलपीठा'ने मराठी कवितेची भाषा बदलली, दलित पँथरने राज्य हलवले. त्याच ढसाळांच्या घरात आपल्याला काय सोसावे लागले, मारहाण, दारू, आजार, हे मलिकाबाईंनी १९८४ मध्ये 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' मध्ये लिहून ठेवले. तेव्हा ढसाळ हयात होते आणि त्यांचा दबदबाही होता. त्या पुस्तकाने 'गोलपीठा'ची एकही ओळ खोडली गेली नाही. मात्र त्यानंतर शोषितांच्या मुक्तीची ती कविता वाचताना घरातल्या बाईची मुक्ती कुठे राहिली, हा प्रश्न टाळता येत नाही. दोन्ही पुस्तके एकाच फळीवर उभी आहेत. एक वाचणाऱ्याने दुसरेही वाचावे.

माझे म्हणणे एवढेच आहे. कलावंत आणि कलाकृती वेगळे करू नका, शेजारी ठेवा. सागरावरची कविता शिकवा, आणि 'सहा सोनेरी पाने' मधले ते प्रकरणही त्याच लेखकाचे आहे हे वर्गातल्या मुलांना सांगा. भालजींचे चित्रपट दाखवा, आणि त्या चित्रपटांतला इतिहास कुणाच्या नजरेने पाहिला आहे याची चर्चा करा. सौंदर्याला दाद द्यायची आणि विचाराला जाब विचारायचा, ही दोन कामे एकच माणूस एका बैठकीत करू शकतो.

आता आपले कपाट. हमीद दलवाई हे नाव घेतले की आपल्या सभांमध्ये अजूनही खुर्च्या सरकल्याचा आवाज येतो. चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या या माणसाने 'लाट' मधल्या कथा लिहिल्या, १९६५ मध्ये 'इंधन' ही कादंबरी लिहिली. कोकणातल्या मुसलमान घराची भाषा, ताणतणाव, शेजाऱ्यांशी असलेली ओढ आणि तेढ मराठी कादंबरीत इतक्या आतून त्यापूर्वी क्वचितच आली होती. दिलीप चित्रे यांनी ती इंग्रजीत नेली. आपल्यापैकी किती जणांनी ती वाचली आहे? दलवाईंनी १९६६ मध्ये तलाकपीडित स्त्रियांचा मोर्चा काढला, १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले, आणि धर्माबद्दल श्रद्धावान माणसाला बोचतील अशी मते मांडली. १९७७ मध्ये वारल्यावर त्यांच्या इच्छेप्रमाणे दफनाऐवजी दहन झाले. या गोष्टींनी अनेकांची मने दुखावली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण म्हणून आपण 'इंधन'ही कपाटात बंद केली. १९८५ मध्ये याच कोल्हापुरातून नागपूरकडे तलाकमुक्ती मोर्चा निघाला तेव्हा त्याला वाटेत विरोध करणाऱ्यांपैकी किती जणांनी दलवाईंचे एक तरी पान वाचले होते?

काही मित्र लगेच म्हणतील, तुम्ही दलवाई आणि सावरकर एकाच तराजूत घालता. मी तराजू एक वापरतो. वजन एक आहे असे म्हणत नाही. एकाने परक्या स्त्रीच्या अब्रूवर सूड उगवण्याला तात्त्विक बैठक दिली. दुसऱ्याने आपल्याच घरातल्या स्त्रीच्या हक्कासाठी आपल्याच माणसांशी भांडण केले, कुणाच्या जिवावर उठला नाही. वजनात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो तराजू एक असल्यामुळेच दिसतो. सावरकरांचे लिखाण वाचून आपण जाब विचारणार असू, तर दलवाईंचे न वाचता त्यांना गुन्हेगार ठरवण्याची सवलत आपल्याला कुठून मिळते?

तिकडेही दलवाईंचे हालच आहेत. त्यांना डोक्यावर घेणारे बरेचजण त्यांची मुसलमानांवरची टीका तेवढी उचलतात. हिंदू जमातवादाबद्दलचे त्यांचे शब्द आणि त्यांच्या कथा-कादंबऱ्या यांच्याशी त्यांना देणेघेणे नसते. त्यांनी मते घेतली आणि लेखक टाकला. आपण मतांच्या रागाने लेखक टाकला. दोघांनी मिळून मराठीतल्या एका चांगल्या कथाकाराला बेवारस केले.

१९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हापासून आपण म्हणत आलो आहोत की मराठी ही आमचीही भाषा आहे. भाषा आपली म्हटली की तिच्यातला खजिना आपला आणि तिच्यातली घाणही आपलीच. आपल्या शाळांच्या वाचनालयांत, मोहल्ल्यातल्या अभ्यासिकांत 'इंधन' आली पाहिजे, मलिकाबाईंचे आत्मकथन आले पाहिजे, आणि सावरकरांचा कवितासंग्रह व 'सहा सोनेरी पाने' हेही आले पाहिजे. पोरांना सगळे वाचू द्या. ज्याने मूळ पान वाचले आहे त्याला स्टेटस ठेवून चिडवण्याची गरज उरत नाही, आणि 'कविता बघा, माणूस सोडा' असे सांगणाऱ्याला तो पानाचा क्रमांक विचारू शकतो.