पेरणीआधी हलवा उंदरांचा मुक्काम

मृगाचा पाऊस पडून गेलाय. जमिनीला वाफसा आलाय. सगळ्या शिवारात पेरणीची लगबग सुरू आहे आणि तुमचा ट्रॅक्टर मात्र कितीही किल्ली फिरवली तरी सुरू व्हायचं नाव घेत नाही. बॉनेट उघडून पाहावं तर बॅटरीवर गवत आणि चिंध्यांचं घरटं, शेजारी कुरतडलेल्या वायरींचा भुगा!

गेल्या वर्षी माझ्या मामाकडे नेमकं हेच झालं. गावात ट्रॅक्टरचा मेकॅनिक एकच आणि पेरणीच्या दिवसांत त्याला जेवायलाही फुरसत नसते. तीन दिवस वाट पाहून मामाने शेवटी भाड्याच्या ट्रॅक्टरने पेरणी उरकली. मामी नंतर म्हणाली, ‘‘दिवाळीपासूनच त्या खोलीत खुडबुड ऐकू येत होती. पण म्हटलं, तिथं धान्य थोडंच आहे? नुसती अवजारं तर आहेत.’’

आपली चूक इथेच होते. धान्याच्या कोठीला आपण जपतो, पण अवजारांची खोली, मोटारीची खोली, गोठ्यामागचं पत्र्याचं शेड यांच्याकडे सहा-सहा महिने फिरकत नाही. उंदरांना अशीच शांत जागा हवी असते.

तुम्ही नोकरीसाठी शहरात असाल आणि शेती गावी आईबाबा किंवा काका बघत असतील, तर पुढच्या सुट्टीतला एक दिवस या कामासाठी राखून ठेवा.

वायरच का कुरतडतात?

उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. ते झिजवण्यासाठी त्याला सतत काहीतरी कुरतडावं लागतं. वायरचं प्लास्टिक, रबरी होज, ठिबकच्या नळ्या हे सगळं त्याच्यासाठी मऊ आणि सोयीचं असतं. शिवाय मादीचा गर्भकाळ साधारण ३ आठवड्यांचा असतो आणि एका वेळी अनेक पिल्लं होतात. म्हणजे दिवाळीत शिरलेली एक जोडी मृगापर्यंत अख्खं कुटुंब होऊन बसते.

आधी पाहुणा ओळखा

* लेंड्या तांदळाच्या दाण्याएवढ्या असतील तर ती छोट्या घरगुती उंदरांची करामत. त्याहून दुप्पट-तिप्पट मोठ्या असतील तर मोठे उंदीर आहेत.
* भिंतीच्या कडेला, पायाजवळ मोठं बीळ आणि तोंडाशी ताज्या मातीचा ढीग दिसला, तर बहुधा घूस आहे. घूस पायाखालची माती पोखरते, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करू नका.
* चिचुंद्री दिसली तर तिला मारायला धावू नका. ती उंदीर नाही. ती प्रामुख्याने किडे खाते.

नक्की कुठून ये-जा होते हे कळत नसेल, तर एक सोपा उपाय आहे. संध्याकाळी दाराजवळ आणि भिंतींच्या कडेने चुलीतल्या राखेचा पातळ थर पसरा. सकाळी पावलांचे ठसे थेट त्यांच्या रस्त्यापर्यंत घेऊन जातील. हे काम मुलांना द्या, ती आनंदाने करतील. मात्र ठशांना किंवा लेंड्यांना हात लावायचा नाही, हे आधीच बजावून ठेवा.

फटी बुजवा

जिथून पेन्सिल आत जाते तिथून छोटा उंदीर आत जाऊ शकतो, हे लक्षात ठेवून खोलीला एक फेरी मारा. आत उभं राहून दार बंद करा. जिथून उजेड दिसतो ती प्रत्येक फट तुमच्या यादीत आली पाहिजे.

* दाराखालची फट ६ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. लाकडी दाराच्या खालच्या भागाला बाहेरून साधारण १ फूट उंचीचा पत्रा ठोका.
* केबल किंवा पाइप जिथून आत येतो त्या भोकात तारेची घासणी घट्ट कोंबा आणि वरून सिमेंट लावा. नुसता फोम, कापड किंवा माती उंदीर एका रात्रीत पोखरतो.
* पन्हळी पत्रा भिंतीवर जिथे टेकतो तिथल्या पोकळ्या सिमेंटने भरा. झरोक्यांना ६ मिलिमीटर भोकांची गॅल्व्हनाइज्ड जाळी लावा. प्लास्टिकच्या जाळीचा उपयोग नाही.
* घुशी असतील तर पायालगत बाहेरच्या बाजूने दीड-दोन फूट खोल चर खणून त्यात हीच जाळी पुरा.
* छपरावर आलेल्या फांद्या छाटा. काळा उंदीर झाडावर सहज चढतो आणि तिथून पत्र्यावर उतरतो.
* खोलीभोवती किमान ३ फूट जागा मोकळी ठेवा. गवत, सरपण, तुराट्या, जुने टायर भिंतीला टेकवून ठेवू नका. उघड्या जागेतून जायला उंदीर घाबरतो.

अवजारं ठेवण्याआधी

पेरणी यंत्राच्या पेटीत उरलेलं मूठभर बियाणं, मळणी यंत्राच्या कोपऱ्यात अडकलेले दाणे ही उंदरांची शिदोरीच. यंत्र आत ठेवण्याआधी झाडून, पुसून, पूर्ण रिकामं करा. फवारणी पंप आतून बाहेरून धुऊन, सुकवून, उलटा टांगून ठेवा.

ठिबकच्या नळ्यांची वेटोळी जमिनीवर टाकू नका. आढ्यापासून जाड तारेने टांगा किंवा झाकणाच्या लोखंडी पिंपात ठेवा. रिकामी पोती, बारदान आणि जुन्या गोधड्या या खोलीत नकोतच. घरट्याचं सामान आपणच पुरवतो आणि मग उंदरांना दोष देतो.

ट्रॅक्टरवर ताडपत्री टाकताना बरेच जण ती जमिनीपर्यंत सोडतात. त्यामुळे आत अंधारं, उबदार घर तयार होतं. ताडपत्री चाकाच्या वरपर्यंतच ठेवा, खालून उजेड आणि वारा खेळू द्या. ट्रॅक्टर बराच काळ उभा राहणार असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा आणि सायलेन्सरच्या तोंडावर डबा उपडा घाला. सुरू करण्याआधी तो डबा काढायला विसरू नका!

महिन्यातून एकदा तरी बॉनेट उघडून पाहा. इंजिनावर सुकं घरटं असताना ट्रॅक्टर सुरू केला तर ते पेट घेऊ शकतं.

मोटारीची खोली सर्वात धोक्याची

विहिरीवरच्या मोटारीची खोली लहान असते, म्हणून ती सहसा यादीतून सुटते. स्टार्टरच्या पेटीत उंदीर शिरला की शॉर्टसर्किट होतं, मोटार जळते. पण याहून मोठा धोका वेगळा आहे. अनेक गावांत शेतीची वीज रात्री येते. घरातलं कुणीतरी बॅटरी घेऊन, चप्पल अडकवून अंधारात जातं आणि पेटीकडे हात नेतं. जिथे उंदीर असतात तिथे त्यांच्या मागावर नाग आणि घोणसही येतात. म्हणजे या खोलीतले उंदीर घालवणं हे मोटार वाचवण्याइतकंच माणूस वाचवण्याचं काम आहे.

स्टार्टरच्या पेटीची केबलची भोकं वायरमनकडून नीट बंद करून घ्या. मेन स्विच बंद केल्याशिवाय पेटी स्वतः उघडू नका. रात्री जाताना बूट घाला, काठी आपटत चला आणि आधी प्रकाशझोत टाकून मगच हात पुढे करा. सर्पदंश झालाच तर कापणं, घट्ट बांधणं, मंत्रतंत्र यात वेळ न घालवता थेट सरकारी रुग्णालय गाठा.

सापळा लावण्याचीही पद्धत आहे

उंदीर भिंतीच्या कडेकडेने धावतो, त्यामुळे खोलीच्या मधोमध ठेवलेला पिंजरा रिकामाच राहतो. पिंजरा भिंतीलगत ठेवा, आमिषासाठी भजी, सुकं खोबरं किंवा शेंगदाणे वापरा. मोठे उंदीर नव्या वस्तूपासून दूर राहतात. म्हणून पहिले दोन-तीन दिवस पिंजऱ्याचं दार उघडंच बांधून ठेवा, त्यांना खाऊन जाऊ द्या आणि मग सापळा लावा.

चिकट पट्ट्या टाळा. त्यांवर उंदीर तासनतास तडफडत राहतो, शिवाय पाली आणि चिमण्याही अडकतात. कापूर किंवा पुदिन्याच्या तेलाचा वास चार दिवसांत उडून जातो. डांबरगोळ्या मुलांनी गिळल्या तर त्या विषारी ठरतात. आवाजाने उंदीर पळवणाऱ्या यंत्रांची उंदरांना लवकरच सवय होते. आधी फटी बुजवा, उरलेल्यांसाठी सापळा लावा.

विष हा पहिला उपाय नव्हे

उंदीर दिसला की दुकानातून विष आणायचं, ही आपली सवय. पण झिंक फॉस्फाईडवर उतारा नाही. ब्रोमाडिओलोनसारखं औषध रक्त गोठू देत नाही, त्यामुळे उंदीर काही दिवसांनी मरतो आणि तो खाणारी मांजर किंवा घुबडही मरू शकतं. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर ट्यूबमध्ये येते आणि अगदी टूथपेस्टसारखी दिसते. मोरीच्या खिडकीत ठेवलेल्या अशा ट्यूबने चुकून दात घासल्याचे प्रकार घडले आहेत. त्या विषाने यकृत निकामी होतं.

विष वापरावंच लागलं तर सहायक कृषी अधिकाऱ्याचा सल्ला घ्या, हातमोजे घाला आणि ते मुलं, कोंबड्या, कुत्री पोहोचणार नाहीत अशा बंद पेटीत ठेवा. लाडू, चिवडा, वडे अशा खाण्याच्या पदार्थांत कालवून उघड्यावर ठेवू नका. मेलेले उंदीर खोल पुरा. कुणाच्या पोटात विष गेल्याची नुसती शंका आली, तरी उलटी काढायचा प्रयत्न न करता पाकिटासह रुग्णालयात जा. मूल खेळतंय, हसतंय म्हणून थांबू नका. यातल्या काही विषांची लक्षणं दोन-तीन दिवसांनी दिसतात.

साफसफाई करताना

बंद खोली उघडल्यावर लगेच झाडू हातात घेऊ नका. दारं उघडून आधी अर्धा तास हवा खेळू द्या. नाकावर मास्क, हातात रबरी मोजे आणि पायात गमबूट घाला. लेंड्या आणि घरट्यांवर जंतुनाशकाचं पाणी शिंपडा, ती भिजली की मग कपड्याने उचला. सुकी घाण झाडली तर धूळ थेट नाकात जाते.

उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पसरतात. ते पायावरच्या जखमेतूनही शरीरात शिरतात. पावसाळ्यात चिखलात काम केल्यावर जोराचा ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं अशी लक्षणं दिसली तर ताप अंगावर काढू नका आणि डॉक्टरांना उंदरांबद्दल आठवणीने सांगा.

बिनपगारी राखणदार

गव्हाणी घुबडाचं मुख्य अन्न उंदीरच आहे. आपण मात्र त्याला अपशकुनी म्हणून हाकलतो. बांधावरची धामण बिनविषारी असते, तरी काठीने मारली जाते. हे दोघं शेतात असू द्या, तुमचं अर्धं काम ते करतील.

मामाच्या खोलीला यंदा चैत्रातच नवा पत्रा आणि जाळी लागली. मामी आता दर अमावास्येला राख पसरते. तिला अमावास्येचं काही नाही, फक्त तारीख लक्षात राहते म्हणून. गेल्या महिन्यात राखेवर ठसे उमटलेच. दाराखालचा पत्रा एका कोपऱ्यात वाकला होता, तो त्याच दिवशी सरळ करून ठोकला. हे काम एकदा करून संपत नाही, पण महिन्याला अर्धा तास दिला तर पुरतं.

आज गावी फोन कराल तेव्हा पाऊसपाणी विचारून झालं, तब्येत विचारून झाली की एक प्रश्न आणखी विचारा. अवजारांच्या खोलीत खुडबुड ऐकू येते का? उत्तर ‘हो’ असेल, तर पेरणीची वाट पाहू नका.