दातांनी राखलेली आठवण

आपण बालपणी ज्या गावचे पाणी प्यालो, त्याची खूण आपल्या दातांत अजूनही शिल्लक आहे. हाडे आयुष्यभर झिजतात आणि नव्याने घडतात. दातांवरचे कठीण कवच, म्हणजे दंतवल्क, मात्र एकदा घडले की पुन्हा बदलत नाही. पहिल्या कायमच्या दाढेचे कवच तर जन्माच्या सुमारास घडू लागते आणि तिसऱ्या वर्षाच्या आसपास पूर्ण होते.

या खुणेचे मोल अजनाला येथे कळले. पंजाबमधील या गावातल्या एका जुन्या विहिरीतून २०१४ मध्ये असंख्य मानवी अस्थी निघाल्या. काहींच्या मते त्या फाळणीच्या दंगलीत मारल्या गेलेल्यांच्या होत्या. दुसरीकडे, १८५७ च्या उठावात २६ व्या बंगाल नेटिव्ह इन्फंट्रीचे २८२ शिपाई मृत्यू पावले आणि त्यांचे देह विहिरीत टाकले गेले, असे ब्रिटिश लिखाण सांगत होते.

कटीच्या हाडावरून स्त्री की पुरुष, दातांच्या झिजेवरून वय, असे अंदाज मानवशास्त्रज्ञ बांधतात. येथे मात्र तज्ज्ञांवाचून खोदकाम झाल्याने अस्थी तुटल्या, एकमेकींत मिसळल्या. आधार उरला तो मुख्यतः दातांचा. चंदीगड, हैदराबाद, लखनौ व वाराणसी येथील संशोधकांनी ८५ नमुन्यांतील ऑक्सिजनची समस्थानिके मोजली. पिण्याच्या पाण्यातील त्यांचे प्रमाण प्रदेशागणिक बदलते आणि तेच दातांत उतरते. ५० नमुन्यांतून तंतुकणिकांचा डीएनए तपासला गेला. हा केवळ आईकडून येतो. पेशीत त्याच्या शेकडो प्रती असल्याने जुन्या अस्थींतही तो हाती लागण्याची शक्यता अधिक असते.

२०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : ही माणसे पंजाबची नव्हती, गंगेच्या खोऱ्यातील होती. त्या पलटणीत बिहार, बंगाल व उत्तर प्रदेशच्या पूर्व भागातील शिपाई होते. ही नोंद त्याच्याशी जुळली.

मुलूख सापडला, नावे मात्र सापडली नाहीत. डीएनए ही तुलनेची विद्या आहे. अस्थी अर्धेच उत्तर देतात; उरलेले अर्धे हयात नातलगाच्या रक्तात असते. ते नातलग कोण, हे दीडशेहून अधिक वर्षांनंतर कोणाला ठाऊक असणार?

आपल्या हाती मात्र काही गोष्टी आहेत. दातांच्या उपचारांची कागदपत्रे व क्ष-किरण चित्रे टाकून देऊ नका. दुर्दैवाने घरातील कोणी बेपत्ता झाले, तर त्यांचा दात घासण्याचा ब्रश व कंगवा न धुता जपून ठेवा. पोलिसांनी मागितल्यास डीएनएचा नमुना देण्यास कचरू नका. आई, सख्खी भावंडे, बहिणीची मुले यांच्यात तोच मातृवंशाचा धागा असतो. आप्ताच्या मृत्यूची शंका मनाला पटत नाही, हे खरे. पण नमुना देणे म्हणजे आशा सोडणे नव्हे. ज्याची ओळख हरवली, त्याला आपले नाव परत मिळावे, यासाठी घरच्यांनी उघडे ठेवलेले ते एक दार आहे.